लहान चुकांची मोठी नावं

देव्हेंटर, संत गालचा सण, ऑक्टोबर १३९४

हेसलदादा,

तुझं पत्र लुब्बर्ट नावाड्याने शुक्रवारी आणून दिलं. कागदाला हेरिंग माशांचा वास होता आणि आत तुझी तीच जुनी कुरकुर होती. "ना धड नन, ना धड कुणाची बायको. कांपेनमध्ये लोक विचारतात हेसलची बहीण काय करते, तर मी काय सांगू?" अरे, सांग ना, सूत कातते! खोटं आहे का? सकाळी कातते, दुपारी कातते, मध्ये मटारची आमटी खाते आणि हात चालू असताना ओठांनी देवाचं नाव घेते. तू नाही का जाळी ओढताना शिव्या देत? तसंच. फक्त शब्द वेगळे.

तुला मला मोठ्या मठात घालायचंय, हे काय मला कळत नाही? डोक्यावर बुरखा, हातात मेणबत्त्या, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं, आणि सगळ्यांच्या तोंडी "हेसलने बहिणीचं केलं हो!" दादा, तुझी हौस मोठी आहे, पण माझी हौस त्याहून मोठी आहे. आमच्या घरात कुणी मठाची शपथ घेत नाही. आज वाटलं तर मी आज निघू शकते, उद्या वाटलं तर उद्या. दाराला कुलूप नाही. रोज सकाळी मी त्या उघड्या दाराकडे बघते आणि रोज सकाळी कातायला बसते. शपथ एकदा घेतली की झालं. इथे मला रोज घ्यावी लागते, आणि मी ती रोज घेते. आता सांग, कुणाची ऐट मोठी?

ही वाट घालून देणाऱ्या मास्टर खेर्टला जाऊन दहा वर्षं झाली. त्याने बापाचं घर गरीब बायकांना देऊन टाकलं, लॅटिन प्रार्थना आपल्या बोलीत आणल्या आणि शेवटी आजारी मित्राजवळ बसल्यामुळे स्वतः प्लेगने गेला. ब्रिंक चौकाच्या मागचं आमचं घर हे त्या घराचं धाकटं भावंड. मी त्या माणसाला कधी पाहिलं नाही. आमच्या म्हाताऱ्या फेन्नेने पाहिलंय, आणि दिवसातून दोनदा ती ते ऐकवते.

असो. बेर्तावहिनीचे दिवस भरत आलेत ना? लुब्बर्टबरोबर तिच्यासाठी एक लहानसं पुस्तक पाठवतेय. बाळंतपणात म्हणायच्या प्रार्थना, आपल्या बोलीत, मीच उतरवून काढल्यात. आमच्या राखाडी कापडाच्या उरलेल्या तुकड्यात बांधलंय. वर नाव-गाव काही नाही, पुस्तकावर नाव घालायची आमच्याकडे पद्धत नाही. नाव घातलं की आधी तेच वाचावंसं वाटतं. तू तिला वाचून दाखव. तुझा आवाज चांगला आहे, नुसता मासळीच्या लिलावात वाया घालवू नकोस.

तुझी मेत्ते


कांपेन, सर्व संतांच्या सणाचा दुसरा दिवस

मेत्ते,

अक्षर सांभाळून घे.

तुझं पुस्तक आलं. बेर्ता उशीला टेकून बसली होती, शेजारच्या दोघी तिला बघायला आल्या होत्या. मी मोठ्या ऐटीत बसलो. म्हटलं, "माझ्या बहिणीने स्वतः लिहिलंय हं, आपल्या बोलीत!" उघडलं आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली:

"संत लाम्बर्टचा दिवस. आज मी फेन्नेचा खून केला."

मेत्ते! बायकांच्या हातातल्या सुया थांबल्या. मला वाटलं, कुठल्या तरी संताची गोष्ट असेल, म्हणून पुढे वाचलं. "सोमवार. आज जेवताना सगळ्यांसमोर चोरी केली, कुणाला दिसलं नाही. बुधवार. पावसाच्या पिंपापाशी व्यभिचार केला. शुक्रवार. आज माझ्या धन्याला विकलं, फार स्वस्तात, उबदार चुलीच्या बदल्यात." अक्षर तुझं. तो तुझा वाकडा 'ग' मी आंधळा झालो तरी ओळखीन!

शेजारणी उठून गेल्या. बेर्ता म्हणाली, "ती असली नाही हो, काहीतरी घोटाळा आहे." बेर्ताचं काय, ती मांजराबद्दलसुद्धा असंच म्हणते. माझ्या डोळ्यांसमोर तू आलीस. लहानपणी बदकाचं पिल्लू मेलं तर तीन दिवस रडणारी माझी मेत्ते, तिला त्या घरात काय केलं गं त्यांनी? तुला वेड लागलंय, की तिथे खरोखर असलं काही चालतं?

भावाने जे करायचं ते मी केलंय. ते आता तुला सांगत बसत नाही. तू एकच कर, लुब्बर्टची नाव धक्क्याला आहे, तिच्यात बस आणि घरी ये. जे काही केलं असशील ते केलं असशील. मी आहे. कुणी बोट दाखवलं तर त्याचं बोट मोडीन.

तुझा दादा


देव्हेंटर, संत मार्टिनच्या आधी तीन दिवस

दादा रे दादा,

आधी मी इतकी हसले की लुत्गार्डबाई बघायला आल्या. लुत्गार्डबाई म्हणजे आमच्या घरातल्या थोरल्या, सगळं त्या बघतात. त्यांना पत्र वाचून दाखवलं, तर त्या हसल्या नाहीत. मग माझंही हसू गेलं.

मी गाढव आहे. दोन वह्या एकसारख्याच कापडात बांधल्या आणि तुला भलतीच पाठवली. वहिनीचं पुस्तक इथेच माझ्या उशाखाली आहे. तुझ्याकडे गेली ती माझी रोजची वही.

नीट ऐक. संध्याकाळची भाकरी झाली की आमच्यातली प्रत्येक जण दिवसभरात आपलं काय चुकलं ते आपल्या वहीत लिहिते. नियम एकच, चुकीला लहान नाव द्यायचं नाही. "जरा चिडले" असं लिहिलं की वाचताना स्वतःलाच माफ करून मोकळं होतो. म्हणून रागाने बोललं तर खून लिहायचा. फेन्नेचं सूत मला दिलं होतं, मी सगळ्यांसमोर म्हटलं की हे सूत आहे की खरजुल्या कुत्र्याची शेपटी? तिचे हात संधिवाताने वाकडे झालेत रे, सत्तरीची आहे. ती खिडकीकडे तोंड करून बसली. तो खून. जेवताना एक जण पवित्र वाचन करते, मी तिच्याकडे कान देण्याऐवजी रस्त्यावरचं भांडण ऐकत होते. ती चोरी. पिंपातल्या पाण्यात नवी टोपी कशी दिसते ते बघत उभी राहिले, प्रार्थनेची घंटा होऊन गेली. तो व्यभिचार, आणि गाठ पडली ती माझीच माझ्याशी. सकाळची प्रार्थना चुकवून चुलीपाशी बसले. धनी म्हणजे ख्रिस्त, विकला तो असा.

झालं तुझं समाधान? आता माझं कर. वही कुठे आहे? "भावाने जे करायचं ते केलंय" म्हणजे काय केलंस?

इथे सगळीकडे एकच बोलणं आहे. पाखंड्यांच्या चौकशीचे एक पाद्री गावोगाव फिरताहेत, आमच्यासारख्या बिनशपथेच्या घरांची झडती घेताहेत. नदीच्या वरच्या अंगाच्या एका गावात दोन घरं बंद केली म्हणे. त्यांच्या हातात ही वही पडली तर काय होईल, हे तुला कळतंय ना? ती तुझ्या पेटीत आहे असं लिही. एवढी एकच ओळ लिही.

मेत्ते


कांपेन, संत मार्टिनच्या सणानंतर तीन दिवसांनी

मेत्ते,

पेटीत नाही.

आमच्या पाद्री आर्न्टकडे नेली होती. सल्ला घ्यावा म्हणून, देवाशपथ, दुसरं काही मनात नव्हतं. त्याने चार पानं वाचली, दोनदा क्रूसाची खूण केली आणि म्हणाला, "हेसल, ही माझ्याकडे राहू दे, योग्य ठिकाणी पोचवतो." मी म्हटलं, "ठीक आहे, ठेवा." एवढंच बोललो मी. काल तुझं पत्र वाचून त्याच्याकडे धावलो, तर वही आठवड्यापूर्वीच पुढे गेली. कुठे, ते तू लिहिलंच आहेस.

आता रागावू नकोस, विचार कर. एक, वहीवर नाव नाही. मग ती कुणाचीही असू शकते. म्हण की मेलेल्या कुणाची आहे. मी शपथेवर सांगीन की मला धक्क्यावर सापडली. दोन, तूच लिहितेस की दाराला कुलूप नाही. मग निघ ना! त्या माणसाने यायच्या आधी निघ. इथे आलीस की तू हेसलची बहीण, हेसलच्या घरात राहते, सूत कातते. कोण काय करणार तुला?

बेर्ताच्या पाठीत कळा सुरू झाल्यात, सुईण म्हणते अजून आठ-दहा दिवस. मला हलता येत नाही. नाहीतर स्वतः येऊन तुला खांद्यावर टाकून आणलं असतं.

माझं चुकलं गं.

हेसल


देव्हेंटर, संत एलिझाबेथचा सण

दादा,

तुझं पत्र हातात घेऊन मी दारात उभी राहिले. खोटं का सांगू, उभी राहिले. लुब्बर्टची नाव दिसत होती. मग आत आले आणि जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना उभ्याने सांगितलं: वही माझी, चूक माझी, आणि आता जे येतंय तेही माझ्यामुळे.

आम्ही चौदा जणी आहोत दादा. हे घर बंद झालं तर ऐन थंडीत चौदा बायका रस्त्यावर. मला तू आहेस. फेन्नेला ती खिडकीजवळची खुर्ची सोडून जगात काही नाही. तीच आधी बोलली. म्हणाली, "पोरी, तू माझा खून केलास हे मला कुठं माहीत होतं? मला वाटलं तू विसरलीस." आणि वाटी पुढे करून आणखी आमटी मागितली.

लुत्गार्डबाईंनी एवढंच विचारलं, "मेत्ते, भाऊ नेतोय. जाणार आहेस का?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होत्या. मी गेले असते तर माझी शिदोरीसुद्धा बांधून दिली असती त्यांनी. म्हणूनच जाववत नाही रे. दाराला कुलूप असतं तर मी लाथ मारून निघाले असते, तुला माझा स्वभाव माहीत आहे.

वही मेलेल्या कुणाची असं मी म्हणणार नाही. मास्टर खेर्ट भल्याभल्यांसमोर उभा राहून बोलला, तो काही हळू आवाजात बोलला नाही असं फेन्ने सांगते. मी त्याच्या सावलीएवढीही नाही, पण त्याच्या घराण्यातली आहे. बाबांच्या घराण्याचा तुला जेवढा अभिमान आहे ना, तेवढाच मला याचा आहे. कातणाऱ्या, धुणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बायका, कुणाच्या परवानगीवाचून देवाशी आपल्या बोलीत बोलतात आणि संध्याकाळी स्वतःला खरं ते सांगतात. हे मी खाली मान घालून सांगू?

चौकशीचे पाद्री संत कॅथरिनच्या सणाला येताहेत. तू येऊ नकोस. वहिनीजवळ राहा.

मेत्ते


कांपेन, बुधवार, घाईत

मेत्ते,

बेर्ता अडली आहे, सुईण मला खोलीत येऊ देत नाही. मी बाहेर जिन्यावर बसून लिहितोय. एक कागद देव्हेंटरला घोडेस्वाराबरोबर धाडलाय, तुझ्या नावाने नाही. वेळेत पोचला तर तुला कळेल. नाही पोचला तर विचारू नकोस.

हेसल


देव्हेंटर, संत कॅथरिनच्या सणानंतर दोन दिवसांनी

माझ्या दादा,

पोचला.

सगळं सांगते, क्रमाने सांगते, मला मध्ये थांबवू नकोस. चाती आणि लोकरीच्या टोपल्या भिंतीशी लावून कातायच्या खोलीतच टेबल मांडलं होतं. पाद्री बारीक अंगाचे, नाक लाल, बिचाऱ्यांना सणसणून सर्दी झालेली. लुत्गार्डबाईंनी मध घातलेली गरम बिअर पुढे ठेवली, तिला त्यांनी हात लावला नाही. शेजारी लेखनिक. आम्ही चौदा जणी रांगेत, आणि दारात अर्धं गाव.

वही वर धरून त्यांनी विचारलं, "ही कुणाची?"

"माझी," मी म्हटलं. आवाज बदकाच्या पिल्लासारखा निघाला.

"संत लाम्बर्टच्या दिवशी तू फेन्ने नावाच्या बाईचा खून केलास?"

"केला, पाद्रीबाबा."

लेखनिकाची लेखणी कागदात रुतली. "प्रेत कुठे आहे?"

"इथंय!" मागून फेन्ने काठी टेकत पुढे आली. "दोन महिने झाले मरून. आज दुपारी दोन वाट्या आमटी प्यायलेय."

दारातली माणसं खो-खो हसली. पाद्री नाही हसले. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस चिडणार. चिडले नाहीत, ते वाईट. शांतपणे म्हणाले, "पापाला नाव देणं हे चर्चचं काम आहे, कातणाऱ्या बाईचं नाही. पाद्र्याला बाजूला सारून तुम्ही आपापसांत पापं कबूल करता?"

दादा, घर बंद करायला तेवढंच पुरे होतं. लुत्गार्डबाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि कुठून कोण जाणे मला बाजार आठवला. मी म्हटलं, "पाद्रीबाबा, बाजाराला जायच्या आधी आम्ही यादी करतो. यादी म्हणजे काही बाजार नव्हे. पापं आम्ही पाद्र्यापुढेच कबूल करतो, गुडघे टेकून. पण तोवर निम्मी विसरायला होतात, आणि उरलेली आम्ही सोयीने लहान केलेली असतात. म्हणून यादी."

"यादीत खरं लिहितात," ते म्हणाले. "खून म्हणजे खून. शब्दाचा अर्थ शब्दात असतो. बहाणे नकोत."

तेवढ्यात लेखनिकाने तुझा कागद पुढे सरकवला. मेणावर हेरिंगचा ठसा, मी लांबूनच ओळखला. मनात म्हटलं, याने आता धक्क्यावर सापडली म्हणून शपथ घेतली असणार, आणि मला भावाला सगळ्यांसमोर खोटं पाडावं लागणार.

पाद्रींनी मोठ्याने वाचलं: "मी हेसल, कांपेनचा हेरिंगवाला, लिहून देतो की या महिन्यात मी माझी सख्खी बहीण मेत्ते हिला विकलं."

ते थांबले. लेखनिकाकडे बघून म्हणाले, "विकलं? कुणाला? विकली म्हणजे काय, ही तर इथे उभी आहे!"

मग फेन्ने म्हणाली, अगदी मायेने म्हणाली, "मीपण उभीच आहे की, बाबा."

दादा, त्या माणसाचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. आपणच काय बोललो ते त्याला ऐकू आलं. त्याने रुमालाने नाक पुसलं, आणि पुढचं तुझं पत्र हळू आवाजात वाचलं. मला ते पाठ झालंय. "तिने एका शब्दाने खून केला, मी एका शब्दाने तिला विकली. 'ठेवा' एवढंच म्हणालो. तिने केलं त्याला लोक गंमत म्हणतात. मी केलं त्याला लोक भावाचं कर्तव्य म्हणतात. त्याचं खरं नाव मला तिच्याच वहीने शिकवलं. मी चाळीस वर्षं चर्चमध्ये मिसाला जातोय, माझ्या चुकीला खरं नाव मी पहिल्यांदाच दिलं. ज्या घरात हे शिकवतात ते घर बंद करायचं असेल तर करणारे तुम्ही आहात. माझं एवढंच सांगणं आहे, की कांपेनमध्ये लोक विचारतात, हेसलची बहीण काय करते? आजपासून मी सांगणार, ती देव्हेंटरच्या त्या घरात राहते. आणि मोठ्याने सांगणार."

कुणी तरी मुसमुसत होतं. ती मीच होते.

पाद्रींनी तो कागद दोनदा दुमडला आणि वहीत घातला. शेवटी लेखनिकाला म्हणाले, "लिही, आज तरी या घरात बंद करण्यासारखं काही सापडलं नाही." आणि वही माझ्याकडे सरकवून म्हणाले, "पुस्तकांवर नावं घाला. बिननावाचं पुस्तक कुणाच्याही हातात पडतं. आणि तो 'ग' सुधार." मग गार झालेली बिअर त्यांनी एका दमात प्यायली, आणि गेले.

लुब्बर्टने काल सांगितलं की तुला मुलगी झाली आणि वहिनी सुखरूप आहे. उशीर झाला, पण तिचं पुस्तक या पत्रासोबत येतंय. या वेळी मी उघडून बघितलंय. तीनदा.

आता राहिलं नावाचं. काल संध्याकाळी भाकरीनंतर सगळ्या जणी आपापल्या वहीवर नावं घालत बसल्या. फेन्नेला लिहिता येत नाही, तिची चूक मीच तिच्यासाठी लिहिते. तिने वहीवर नुसती काठी काढली. मी लिहिलं, "मेत्ते, कांपेनच्या हेसलची बहीण." मग वही उघडली आणि त्या दिवसाची चूक लिहिली: "आज गर्व. सकाळपासून आत्तापर्यंत, अखंड. माझ्या भावाचा."

लुत्गार्डबाईंनी खांद्यावरून वाचलं. म्हणाल्या, "आणि पश्चात्ताप कुठे आहे?"

मी म्हटलं, "पान संपलं, बाई."

तुझी मेत्ते